हळदीच्या पट्ट्या

पडदेमामा मशीनला कधी पाठ दाखवत नसत. काम संपलं की तोंड मशीनकडे ठेवून उलट्या पावलांनी दारापर्यंत जात. आम्ही हसायचो. मामा म्हणत, "मारक्या बैलाला पाठ दाखवायची नाय रे. भ्यालेला मानूस सांजच्याला घरी पोचतो."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मुरबाडच्या एका शेडमध्ये इंधनघट बनवायचा प्रयोग चालला होता. एकीकडून हायड्रोजन, दुसरीकडून ऑक्सिजन, मधून फिरणारा पोटॅशचा द्राव, आणि त्यातून वीज. दोन्ही वायू एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये जाड कागदासारखा पडदा. तो कापून बसवायचं काम जवळच्या म्हसा गावच्या या मामांचं. प्रत्येक पडदा ते उजेडासमोर धरून न्याहाळत. "टाचनीएवढा भोक राहिला ना, तर पत्र्यासकट उडू आपन," असं म्हणताना त्यांचा आवाज अगदी खाली जाई. मी शहापूरहून आलेला नवा केमिस्ट, पदवीचा तोरा मोठा; पण तो आवाज ऐकला की मीही पडदा पुन्हा एकदा उजेडासमोर धरायचो.

पोटॅशला तर ते वायूहून जास्त भीत. दिसायला पाणी, बोटाला साबणासारखं बुळबुळीत, पण डोळ्यात गेलं तर डोळाच जातो. म्हणून नळ्यांच्या प्रत्येक सांध्यावर त्यांनी हळदीत भिजवून वाळवलेल्या चिंध्या बांधल्या होत्या. "हळदीला खार लागला की तिचा कुंकू होतो," ते म्हणत. पट्टी लाल दिसली की सांधा गळतोय, मशीन बंद. साहेबांच्या मीटरच्या आधी मामांची हळद बोलायची.

एका दसऱ्याला मामा गावी होते आणि मशीनची पूजा माझ्याकडे आली. फुलं वाहिली, नारळ फोडला. हळद दिसल्यावर हात आपोआप कुंकवाकडे गेला. पट्ट्यांवर मी सढळ हाताने कुंकू लावत सुटलो.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होतं. मामा दारातच थबकले. चेहरा पांढराफटक. "या सगल्या लाल कशा रे?"

मला हसू आलं. "अहो मामा, कुंकू आहे. कालची पूजा!"

त्यांनी मागच्या एका सांध्याकडे बोट दाखवलं. "तो पन?"

"हो, तोही. मीच लावलंय."

मामांनी सुटकेचा श्वास टाकला, डोळ्यांच्या बचावाचा जाड चष्मा कपाळावर सारला आणि बघायला खाली वाकले. तेवढ्यात सांधा सुटला.

नळाखाली त्यांचं डोकं धरून मी लहान मुलासारखा रडत होतो. उजवा डोळा गेला. कल्याणच्या इस्पितळात शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "भाचे, तुझ्या अंगावर नाय ना उडाला?"

पुढे शेड बंद पडली. म्हशाच्या जत्रेला गेलो की मामा मला घरी जेवायला नेत. "या भाच्यानं पान्याखाली धरला, म्हनून दुसरा डोळा राहिला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत, आणि मी मान खाली घालून भात कालवत राही.

त्या मागच्या सांध्यापर्यंत माझी कुंकवाची पुडी पुरली होती की नाही, हे मला तेव्हा आठवतच नव्हतं. तरी मी 'हो' म्हणालो होतो. मामा वारले, पण त्यांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.