साडभाऊंचा सव्वासात इंची शोध

जगात सरळ असं काहीच नाही, जे सरळ दिसतं ते एखाद्या अवाढव्य वर्तुळाचा तुकडा असतं, असं छातीठोकपणे सांगणारा वर्धा जिल्ह्यात एकच गृहस्थ असेल आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. साडभाऊंचं हिंगणघाटात कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक चादर मागतं आणि हे त्याला इलेक्ट्रिक गिटारच्या मानेची, म्हणजे तारांखालच्या लांब दांडीची, गोलाई समजावतात. खिशात पेनाऐवजी पाच-सहा काळे साचे, एक्स-रेच्या जुन्या फिल्मा कंपासनं वेगवेगळ्या गोलाईत कापून केलेले. गोलसर काही दिसलं की साचा टेकवलाच. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी पपई मोजायला घेतली. बायको म्हणाली, "भाऊजी, कापाची हाये ते, मोजाची नाई."

"तारांखालची लाकडी पट्टी सपाट वाटते ना तुमाले?" त्यांनी मला विचारलं. "नाई! मोठ्या गोलाचा काप हाये तो. गोल लहान, तं मधात उठाव जास्त. गोल मोठा, तं सपाट." मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण त्या फिल्मा त्यांच्याच डाव्या तर्जनीच्या होत्या. तरुणपणी ते अल्लीपूरपासून केळझरपर्यंत लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. स्कूटरवरून पडले, बोट जुळलं, पण मधल्या पेरात वाकडंच राहिलं. गिटारच्या कित्येक कॉर्डना, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांच्या जुळणीला, एकच बोट आडवं टाकून सहाही तारा दाबाव्या लागतात. सपाट मानेवर यांच्या बोटाचं टोक टेकायचं, बूड टेकायचं, आणि मधल्या तारा नुसत्या भणभणायच्या. गिटार सुटली ती सुटलीच. दुसरा कोणी नशिबाला बोल लावत बसला असता. हे म्हणाले, "बोट सरळ होत नाई, तं लाकूडच गोल पाहू!"

गेल्या महिन्यात त्यांनी मला नागपूरला एका वाद्यांच्या दुकानात नेलं. एकेका गिटारच्या तारांखाली साचा सरकवून, डोळा बारीक करून ते उजेडाची फट पाहत होते. दुकानदार वैतागला. "काका, गिटार घ्याची हाये का तिले ब्लाऊज शिवाचा हाये?" साडभाऊंना ऐकू आलं असेल तर शपथ. शेवटी कोपऱ्यातल्या एका जुन्या, वापरलेल्या गिटारवर सव्वासात इंच त्रिज्येचा, त्यांच्याकडचा सगळ्यात गोल साचा चपखल बसला. ते स्टुलावर टेकले, वाकडं बोट आडवं ठेवलं आणि हात फिरवला. सहाही तारा स्वच्छ बोलल्या. "साहीच्या साही वाजल्या ना?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

मग त्यांनी जुन्या सवयीनं एक तार आडवी ओढली. सूर वर चढता चढता गुदमरला. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. मधल्या उंचवट्यावर तार पुढच्या पडद्याला, म्हणजे पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या सळीला, टेकत होती. "ठाऊक होतं मले," ते हळूच म्हणाले. "सपाटावर तार ओढता येते, गोलावर माहं बोट बसते. दोनी एका लाकडात नाई भेटत, बाप्पा." गिटार मात्र घेतली.

आता संध्याकाळी दुकान आवरल्यावर ते वाजवत बसतात. तार ओढायची जागा आली की हात थांबवतात आणि तेवढा सूर गळ्यानं घेतात. गळा अगदी भिकार आहे. पण हल्ली हिंगणघाटला गेलो की तो एक सूर ऐकल्याशिवाय माझा पाय निघत नाही.