कमजोरीवर केळं

परवा केळ्यांनी माझा जीवच घेतला होता... आणि मी बुऱ्हाणपूरच्या केळीवाल्याची बायको!

झालं असं, की दोनेक महिन्यांपासून पाय सुजत होते, धाप लागत होती. इंदूरला तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन आमचे हे आणि मुलगा निलेश डॉक्टरांशी आत बोलले, मी बाहेर बाकावर. परतताना दोघंही एकच बोलले... काही नाही, कमजोरी आहे.

आता आमच्या तापीकाठी कमजोरीवर औषध एकच, केळं! मळ्यातला घड मागच्या खोलीत टांगलेला असतोच. पण मी हात लावला की निलेश ओरडायचा, "आई, केळी नको, सर्दी होईल!" भर मे महिन्यात सर्दी? मला हसू यायचं आणि रागही. मग काय... सगळे झोपले की दुपारी गुपचूप दोन-तीन केळी खायची. ताकद यायला हवी ना!

परवा सकाळी हातपाय एकदम गळाले, छातीत धडधड. इथल्याच दवाखान्यात नेलं, सुया टोचल्या, जरा बरं वाटलं. काय खाल्लं, असं डॉक्टरबाईंनी विचारल्यावर मी केळ्यांचं कबूल केलं. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, निलेशकडे पाहिलं... दोघांच्याही माना खाली.

"आप दोनों ज़रा बाहर बैठिए. मुझे माँजी से बात करनी है."

मग त्या माझ्या खाटेवरच बसल्या. माझ्या दोन्ही किडन्या थकल्यात, केळ्यातलं पोटॅशियम त्यांना बाहेर टाकता येत नाही आणि त्याने हृदय बंद पडू शकतं, हे सगळं सावकाश समजावलं. डायलिसिस लागेल, ते आता आपल्या गावातच होतं. पण करायचं की नाही, हे घरच्यांशी बोलून मी ठरवायचं... "बीमारी आपकी है, तो पहला हक़ भी आपका है."

मी रडले. खूप रडले. पण खरं सांगू? दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी मोठ्या माणसासारखं वागवलं होतं.

हे आत आले तेव्हा डोळे लाल. "तू घाबरून जाशील म्हणून नाही सांगितलं गं..." मी म्हटलं, "घाबरले असते हो, पण केळी तरी खाल्ली नसती!" रडता रडता दोघंही हसलो. राग होता, अजूनही थोडा आहे. पण ह्यांनी इतके दिवस हे ओझं मनातल्या मनात वाहिलं, हेही दिसत होतं मला.

काल घरी आले तर मागच्या खोलीतली खुंटी रिकामी. हे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "डायलिसिसचं काय करायचं? तू सांग." इतक्या वर्षांच्या संसारात मळा, घर, निलेशचं लग्न, सगळं ह्यांनीच ठरवलं. काल मात्र हे माझ्या उत्तराची वाट बघत बसले.

मी सांगितलं... करायचं. सोमवारपासून जातेय.

डॉक्टरबाई, तुमचे उपकार कसे फेडू? माझ्याच घरात माझ्यापासून लपवलेला माझा आजार तुम्ही माझ्या हातात दिलात... आता त्याच्याशी मी बघून घेईन.