तिसरा रकाना

मुलांनो, तुमच्या शाळेने पोहण्याबद्दल आणि म्हाताऱ्या शेजारणीला रोज वाचून दाखवल्याबद्दल दिलेली दोन्ही प्रमाणपत्रे टपालाने पोचली. पोहण्याचे मी समजू शकते. पण वाचून दाखवल्याचेही प्रमाणपत्र मिळते, हे पाहून मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले होते. आजी, तुमच्या वेळी असं होतं का, असे तुम्ही विचारले आहे. होते. एक वर्ष होते, आणि त्या वर्षीची यादी मी केली होती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. गोंदियाच्या मुलींच्या शाळेत मी नववीत होते. माझे वडील रेल्वेत कारकून, घर स्टेशनजवळ. वर्गात आम्ही अकरा मुली. माझ्या शेजारी बसणारी मुलगी जवळच्या मुर्री गावाहून चालत यायची. तिच्या घरी धानाची शेती. इंग्रजीत ती दोनदा नापास झाली होती, आणि गणितात माझ्या वहीवर तिची नजर असायची. मी वही झाकली की म्हणायची, "झाक वं झाक. नाही त तुह्या आकड्यांना सर्दी होईन."

त्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नागपूरहून नव्या आल्या होत्या. परीक्षेत पहिल्या येणाऱ्या त्याच त्या दोघींना बक्षिसे मिळतात, बाकीच्या मुलींना काहीच येत नाही की काय, असे त्या म्हणत. वार्षिक सभेत मार्कांखेरीज इतर गुणांसाठीही मुलींची नावे वाचायची, असे त्यांनी ठरवले. माझे अक्षर चांगले, म्हणून रजिस्टर माझ्याकडे आले. तीन रकाने आखायचे होते: मुलीचे नाव, तिने काय केले, आणि ते कोणी पाहिले. मी लाल शाईने रेघा मारल्या.

माझ्या बाकावरच्या त्या मुलीने मला मधल्या सुट्टीत गाठले. "माझं नाव लिवजो."

"कशासाठी?"

"करग्यासाठी."

करगा म्हणजे धानात आपोआप उगवणारे रानटी धान. फेकून पेरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ते हमखास येते, आणि कणीस निघेपर्यंत खऱ्या धानासारखेच दिसते. कणीस निघाल्यावर ओळखून उपयोग नसतो, तोवर दाणे गळून पुढच्या वर्षाची पेरणी त्याने करून ठेवलेली असते. माझी ही मैत्रीण वीतभर उंचीच्या रोपांतून करगा उपटायची. निंदणाच्या दिवसांत मुर्रीतली मोठी माणसे तिला आपापल्या बांधीत बोलवायची. मी स्वतः पाहिले होते. श्रावणात एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तिच्या मागोमाग चिखलात उतरले आणि मोठ्या ऐटीत तीन रोपे उपटली. तिन्ही धानाची निघाली. "बाबाले सांगू नोको," ती म्हणाली, आणि तिन्ही परत रोवून टाकली.

"पण ते तर घरचं काम आहे," मी म्हटले. "आणि शाळेतल्या कोणी पाहिलंय?"

"बांधीत कोणती बाई येईन? गावानं पाहिलं ना."

"गाव चालत नाही."

तेव्हा ती हसायची थांबली. तिच्या वडिलांनी सांगून टाकले होते, सभेत नाव घेतले तर मॅट्रिकपर्यंत शाळा, नाही तर सालेकशाकडचे स्थळ आलेलेच आहे. "दोनदा नापास झाली, आता कायले ठेवू, म्हणते बाबा. शाळेनं एकदा चारचौघांत म्हटलं पाहिजे, का पोरीत काही आहे."

मी घरी जाऊन तिचे नाव पेन्सिलीने लिहिले. दुसऱ्या रकान्यात लिहिले, करगा ओळखते. तिसऱ्यापाशी थांबले. रांगोळीपुढे चित्रकलेच्या बाईंची सही होती, पाठांतरापुढे मराठीच्या बाईंची. हिच्यापुढे मोकळी जागा. मैत्रीण म्हणून घातले असे कोणी म्हणेल, असे मला वाटले. खोडरबराने मी ते इतके स्वच्छ पुसले की कागदावर खूणसुद्धा राहिली नाही. त्याचे मला समाधान वाटले होते, हेही तुम्हाला सांगते.

सभेला तिचे वडील रेंगी, म्हणजे लहान बैलगाडी, जुंपून आले. धुतलेले धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि बरोबर नव्या धानाच्या पोह्यांची टोपली. व्हरांड्याच्या टोकाला ते उभे राहिले. कोणी बसा म्हटले तरी बसले नाहीत. मोठ्या बाईंनी सात नावे वाचली. टाळ्या झाल्या, मुली पांगू लागल्या. मी रजिस्टर घेऊन तिच्या वडिलांजवळून जात होते.

"झालं का वं सारं?"

"हो काका."

"एखादा कागद राहिला असन. पाहून घे."

मी खरोखर रजिस्टर उघडले आणि पाने उलटली. मला पाहायचे काहीच नव्हते. ते माझ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "राहू दे," आणि टोपली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवून आले. "पोरगी येथं शिकली," एवढेच त्यांना म्हणाले. मैत्रीण रेंगीत पाठ करून बसली होती.

दुसऱ्या आठवड्यातही तिची जागा रिकामी राहिली, तेव्हा मोठ्या बाईंनी मला विचारले. मी सगळे सांगितले. त्यांनी रजिस्टर मागवले.

"हे कोणी लिहिलं?"

तिसऱ्या रकान्यावर माझ्या सुबक अक्षरात होते: कोणत्या शिक्षिकेने पाहिले.

"मी तुला 'कोणी पाहिले' एवढंच सांगितलं होतं."

"मला वाटलं, तसं जास्त नीट होईल."

"तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"मग तुझं नाव लिहायचं होतं."

त्या मला रागावल्या नाहीत. टांगा मागवला आणि मला घेऊन मुर्रीला गेल्या. तिच्या वडिलांनी खाट टाकली, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. "तुम्ही बरोबर म्हणून राहिल्या, बाई," ते म्हणाले. "पण मी शब्द देऊन बसलो. माणसं कुंकू लावून गेली. आता कसा फिरू?" आत भांड्यांचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही.

पुढच्या वर्षी मोठ्या बाईंची बदली झाली आणि ते रजिस्टर कपाटात गेले. मी मॅट्रिक झाले, नागपूरला पुढे शिकले. स्वातंत्र्य मिळाले त्याच महिन्यात मी घरी आले होते. ती माहेरी आलेली आहे असे कळले, म्हणून मुर्रीला गेले. ती बांधीत होती. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्रीखाली तिची लहान मुलगी झोपली होती.

"उतर," ती म्हणाली. "पण पाहून पाय ठेवजो, धान आहे."

मी म्हटले, "रजिस्टरातलं तुझं नाव मी पुसलं होतं."

"माहीत आहे. मोठ्या बाई बाबाशी बोलत होत्या, तवा आतून ऐकलं." तिने वर पाहिले नाही. दोन रोपे उपटून माझ्यापुढे धरली. "सांग, करगा कोणता?"

मी नीट पाहिले. पाने पाहिली, बुंध्याचा रंग पाहिला. मग डावीकडचे उचलले.

"मॅट्रिक झालीस ना वं," ती म्हणाली. माझ्या हातातले धान काढून घेऊन तिने ते चिखलात रोवले, बुंध्याशी अंगठ्याने दाबले, आणि वाकलेलीच पुढे सरकली.