पुलावरची पहिली सून

गोजराबाई पाटील आपलं वय कुणाला सांगत नाही. पण पनवेलजवळच्या नदीवरचा जुना रेल्वे पूल आणि तिचं लग्न एकाच वर्षातलं, हे ऐकवल्याशिवाय ती कुणाला चहाही देत नाही.

त्याआधी पलीकडच्या मुली सासरी यायच्या त्या होडीतून. गोजराच्या लग्नातही होडीच ठरली होती. पण मंगलाष्टकं लांबली, ओहोटी लागली, होडी चिखलात रुतली. पूल तेव्हा नवाकोरा. रूळ पडलेले, गाडी अजून यायची होती. पुलावरच्या मुकादमाने लग्नाचे लाडू खाल्ले आणि पाठ फिरवली. नवरदेव असलेले दोघे भाऊ बाप्यांबरोबर पुलावरून वाजतगाजत पुढे गेले. म्हाताऱ्या म्हणाल्या, आमी भरतीला होडीनंच येऊ. मध्ये उरल्या दोन नव्या नवऱ्या : थोरली जाऊ गोजरा, धाकटी पुतळा.

पलीकडे पहिलं पाऊल पडलं ते गोजराचं; तेव्हापासून ‘पुलावरची पहिली सून’ हा मान गोजराबाईचा. पुलावरून मालगाड्या गेल्या, दगडी खांबांना कालवं चिकटली, नदीकाठची भातशेती जाऊन टॉवर उभे राहिले, थोरला मुलगा जासईच्या कंटेनर यार्डात लागला. मान तेवढा जागेवर होता.

शेजारी दुसरा पूल झाला आणि जुन्याचे गर्डर उतरवायचे ठरले. टॉवरमधल्या महिला मंडळाच्या नंदिनीताईंना निरोपसमारंभाची हौस आली. पहिल्या सुनेला साडी-नारळ द्यायचं ठरलं.

गोजराबाईचा आनंद दुपारपर्यंत टिकला. मग तिला पुतळा आठवली.

त्याचं असं की, पुलाच्या मधोमध रुळांखालच्या स्लीपरांच्या फटीतून खालचं पाणी दिसलं आणि पहिली सून मटकन खाली बसली होती. पुतळाने तिचा शेला धरून, पुढे होऊन, तिला ओढत आणलं. पूल संपता संपता बाजूला सरली आणि म्हणाली, “वैनी, आता तू पुढं हो.” हे त्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणि शिमग्यापासून दोघी बोलत नव्हत्या. दोघींच्या सामाईक गच्चीवर वाळत घातलेले पुतळाचे बोंबील गोजराबाईच्या धुतलेल्या साड्यांना लागले, म्हणून तिने बोंबलांना गच्चीबंदी केली होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी पुतळा जिन्यात भेटली. गोजराबाई मांजराकडे बघून म्हणाली, “मन्ये, उद्या कोनी फालतू बडबड केली ना, तर बग हां!”

पुतळानेही मांजरालाच सांगितलं, “मन्ये, आमाला गच्ची नय, पन त्वांड तर आमचंच हाय.”

दुसऱ्या दिवशी पुलाजवळ मांडव. साडी झाली, नारळ झाला. नंदिनीताईंनी विचारलं, “आजी, भीती नाही वाटली?”

“भ्या? मना? अशी ताठ चालत आले!”

“आणि तुम्ही होतात ना मागे?” म्हणत नंदिनीताईंनी माइक पुतळासमोर धरला.

गोजराबाईने नारळ छातीशी घट्ट धरला. पुतळाने सावकाश पदर सारखा केला.

“वैनी झपाझप निंगाली. मधेच बसले ती मी. पानी बगून पायच गेले. वैनीनी शेला धरून मना ओढत न्हेलं.”

टाळ्या पडल्या. धाडसाबद्दल गोजराबाईला आणखी एक नारळ मिळाला. तिला हसावं की रडावं कळेना.

परतताना मांजर नव्हतं, म्हणून तिला सरळच बोलावं लागलं. “पुतले, खोटं कशाला बोललीस?”

“गच्चीसाठी,” पुतळा म्हणाली. “पूल चालला. गच्ची हाय अजून.”

दुसऱ्या दिवशी गोजराबाईने आपली कपड्यांची दोरी स्वतःच पाण्याच्या टाकीकडे सरकवली. रिकाम्या जागेत बोंबील लटकले.

गर्डर उतरले. येणाऱ्याजाणाऱ्याला चहाबरोबर पुलाची गोष्ट अजून मिळते, आता जरा वाढवून. “पुतली बिचारी मधेच बसली. मीच ओढून आनली तिला.” पुतळा शेजारी असली तर मान डोलावते, “खरं हाय, खरं हाय.” आणि पाहुणे गेले की गच्चीवर जाऊन आपली दोरी हातभर पुढे बांधते.

गोजराबाईच्या साड्या आता टाकीच्या सावलीत वाळतात. तिने गोष्ट सांगणं थोडं कमी केलं नाही, तर पावसाळ्याआधीच साड्या घरात वाळवायची वेळ येणार.