रक्त नेलं, निकाल नाही दिला

माझी बहीण सुनीता हिच्यावर झालेला अन्याय उघडा पडायला लागला तो तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याच्या सकाळी, जिल्ह्याच्या दवाखान्यात. तिची लेक गुड्डी दीड वर्षाची. "सिकलसेल आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि तिथं भयंकर दुखतं. गुड्डीचे हातपाय सुजले होते. बाहेर पोरं लाकडी नंदी ओढत होती, हिला दोरी धरता येईना. मुरगळलं समजून आम्ही आधी तेल चोळत बसलो. तुम्ही बसू नका.

वॉर्डातच सुनीताच्या सासूबाई तिला म्हणाल्या, "तुह्या माहेरचंच रक्त खराब. लेकीले घेऊन तिकडंच जाय आता."

सुनीतानं गुड्डीची चादर नीट केली. डॉक्टरबाईंनी सुनीताचं रक्त घेतलं आणि भाऊजींना, गुड्डीच्या बापालाही, बाही वर करायला सांगितली.

"मले काऊन? मी एकटा धानाचं पोतं उचलतो."

"उचला ना भाऊ. कॅरिअरला पोतं उचलता येतं."

कॅरिअर म्हणजे वाहक. दोष एकाच बाजूनं आलेला, म्हणून सहसा त्रास नाही. आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल आजारी पडतं.

निकालापर्यंतचे दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. दोघंही वाहक निघाले. सासूबाईंनी गुड्डीला मांडीवर घेतलं. माफी नाही मागितली.

भाऊजी हळूच म्हणाले, "आपलं रक्त तं शाळेतच नेलं होतं ना?"

"हो. रांगेत तुमीच रडले होते," सुनीता म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

दोघं एकाच आश्रमशाळेतले. जेनेटिक्सचा, म्हणजे पिढ्यानपिढ्या उतरणाऱ्या गुणदोषांचा अभ्यास करणारे शहरातून गाडी घेऊन आले होते. आमच्या लोकांच्या रक्तात काय आहे ते त्यांना पाहायचं होतं. पोरांच्या बाह्या वर करायला लावल्या, बिस्किटाचा पुडा हातावर ठेवला, गेले. निकाल कोणालाच कळवला नाही. जंगलातल्या माणसांना काय सांगायचं, असंच ना? कळवला असता तर लग्नाआधी, निदान मूल होण्याआधी, या दोघांना विचार करता आला असता. त्यांचा अभ्यास पुढं गेला असेल. सूज गुड्डीच्या हातावर आली.

गुड्डी आता रोज गोळ्या घेते. ताप आला की आम्ही थेट दवाखाना गाठतो. समजावून सांगणाऱ्या डॉक्टरबाईंना मी विसरणार नाही. त्या गाडीवाल्यांनाही नाही.

तपासणी टाळू नका. पण तुमच्या गावात कोणी रक्त मागायला आलं, तर आधी विचारा: निकाल मला कोण सांगणार, आणि कधी? उत्तर मिळेपर्यंत बाही खालीच ठेवा.