खालच्या पट्टीतलं भोक

कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात बसणाऱ्या बाईला सगळी गल्ली कात्रीबाई म्हणते, आणि ते काही तिच्या हातातल्या कात्रीमुळे नव्हे. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की टेप गुंडाळायच्या आत ती त्याची लायकी सांगून मोकळी होते. "हे खांदे तुमचे नाहीत, कोटाचे आहेत," असं तिने एका बँकेच्या साहेबाला तोंडावर ऐकवलं होतं. तो कोट न्यायला मग साहेबाची बायको आली.

अख्ख्या जगात कात्रीबाईने ज्याला कधी नावं ठेवली नाहीत असं एकच होतं, तिचा स्वतःचा आवाज. लग्न होऊन आली तेव्हापासून ती चौकातल्या प्रार्थनागृहाच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गायची. तिच्या उजव्या हाताला उभी असायची तिची मोठी नणंद. ही नणंद पोस्टाच्या खिडकीवर आयुष्य काढलेली, एकटी, दुकानाच्याच माडीवर राहणारी. दोघींमध्ये अबोला होता. नवरा गेल्यावर कात्रीबाईने त्याचा चांगला कोट एका गिऱ्हाइकाच्या मापाचा करून देऊन टाकला. भावाची आठवण म्हणून नणंद तो मागायला खाली उतरली, तेव्हा बाह्या कापून झाल्या होत्या. त्या दिवसापासून जिन्यात समोरासमोर आल्या तर एकीने भिंतीकडे बघायचं आणि दुसरीने छताकडे. गाताना मात्र खांद्याला खांदा. त्यात भक्तीचा भाग किती होता कोण जाणे. आपली जागा दोघींपैकी कुणीच सोडायला तयार नव्हती.

"त्यांचा आवाज थरथरतो," कात्रीबाई येईल त्याला सांगायची. "इतकी वर्षं मीच ओढत नेतेय. मी नसते तर केव्हाच तोंडावर आपटल्या असत्या."

अशात एक संगीतकार उगवला. देवासाठी आजच्या काळाचं संगीत करतो म्हणे. त्याच्या गाण्याला चाल म्हणावी तर चाल नाही, ठेका म्हणावा तर ठेका नाही, आणि शब्द मोजून दोन: सोडू नकोस. देवाला उद्देशून. आधी सगळा वृंद हेच म्हणतो, मग एकेक आवाज गळत जातो आणि शेवटी खालच्या पट्टीतल्या दोघीच ते दोन शब्द ताणून धरतात. कात्रीबाईच्या मते तेवढ्या वेळात एक पायजमा शिवून झाला असता. तालमीला संगीतकार मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचा. "भक्तीने मिटलेत की झोपेने, ते देवालाच ठाऊक," ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची.

पण या गाण्याचं रेकॉर्डिंग होणार होतं आणि ते तिला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं. मूलबाळ नाही, नवरा नाही, शिवलेले कपडे तर विरूनच जातात. आपल्यामागे आपला आवाज तरी राहील, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

इतका लांब सूर एका दमात धरणं माणसाच्या छातीचं काम नव्हे. त्यासाठी वृंदातली जुनी रीत होती, पूर्वीच्या मास्तरांनी घालून दिलेली. ‘सोडू’च्या मध्यावर उजवीकडचीने श्वास घ्यायचा, ‘नकोस’च्या मध्यावर डावीकडचीने. जी श्वास घेणार तिने कोपर लावायचं, मग दुसरीने सूर धरून ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, यांना श्वास लागतच नाही.

आताचे मास्तर नवे होते, हातात सतत ताल दाखवायची काडी, म्हणून कात्रीबाईच्या भाषेत काडीमास्तर. त्यांनी रेकॉर्डिंगसाठी दोघीदोघींना माईकपुढे उभं केलं आणि नणंदेला वगळलं. आवाज थरथरतो म्हणून. नणंदेने वृंदाचा काळा झगा घडी घालून टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

"उशिरा का होईना, कुणाचे तरी कान उघडले," कात्रीबाई म्हणाली.

नणंदेच्या जागी कॉलेजातली एक काटकुळी पोरगी आली आणि झगा तिच्या मापाला आत घ्यायला कात्रीबाईच्याच मशीनवर आला. डाव्या बाहीचं कोपर घासून चकचकीत झालं होतं, पार विरायला आलेलं. "बघा, जन्मभर माझ्यावर टेकूनच उभी होती बया," असं म्हणत तिने टाके घातले. कापड मात्र कापलं नाही, शिवणीत तसंच ठेवलं. का, ते तिला विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्यालाच कापलं असतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखे बंद, भिंतीवरचं घड्याळ बाहेर, बांगड्या काढा, चपला काढा. रेकॉर्डिंगवाल्याचा थाट असा की जणू देव त्याच्याच यंत्रातून ऐकतो. गाणं सुरू झालं, आवाज गळत गेले, दोघी उरल्या आणि त्याने हात वर केला.

"खालच्या पट्टीत भोक पडतंय."

पुन्हा गायल्या. पुन्हा तिथेच भोक. तालमीत पंख्यांच्या घरघरीत ते झाकलं जात असावं. आता लख्ख ऐकू येत होतं. काडीमास्तर पोरीवर डाफरले.

"आजकालच्या पोरींत दम कुठाय!" कात्रीबाईने री ओढली.

पोरगी रडायला लागली. तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढून कात्रीबाईच्या कानावर चढवला. "बाई, हा फक्त तुमचा माईक."

‘सोडू’च्या मध्यावर एक घोट घेतल्यासारखा श्वास आणि सूर गायब. पुढे ‘नकोस’वर पुन्हा तेच. स्वतःच्या पाळीचा श्वास ती घेत होतीच, उजवीकडचीच्या पाळीचाही घेत होती. सवय इतकी जुनी की तिची तिलाच खबर नव्हती.

काडीमास्तर गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त ओठ हलवा. बाकीचं आम्ही कॉम्प्युटरवर जमवू. आता सगळ्यांनी चहा घ्या."

कात्रीबाईने चहा घेतला नाही. ती तशीच अनवाणी रस्ता ओलांडून घरी गेली, जिना चढली आणि तिने माडीचं दार ढकललं. नणंद खिडकीपाशी नखं कापत बसली होती.

"भोक पडलं ना?" मान वर न करता ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझं कोपर मला दोनदा लागायचं. एकदा तुझ्या पाळीला, एकदा माझ्या."

"मग तुम्ही श्वास कधी घेत होता?"

"घेते कुठली? आवाज उगाच थरथरायचा का? तू गल्लीभर ज्याची दवंडी पिटलीस, तोच."

"बोलला का नाहीत?"

"तुझ्यापुढे बोलायला फट सापडते का कुणाला?"

आयुष्यात पहिल्यांदा कात्रीबाईला स्वतःची किळस आली. मग ती म्हणाली, "चला, ताई. तुमचा झगा पुन्हा सैल करते. कापड कापलेलं नाही."

नणंदेने नखं कापणं थांबवलं.

"मी नाही येणार. मला काढलंय, मी पळून नाही गेले. जा. पोरीला घेऊ दे श्वास, तू धर."

कात्रीबाई परत गेली. "ओठ तुमचे हलवा," असं काडीमास्तरांना सांगून जागेवर उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, "तुला लागेल तेव्हा घे. दोनदा घे. मी धरते." या वेळी भोक पडलं नाही. रेकॉर्डिंगवाला खूश झाला, संगीतकाराने डोळे उघडले. काडीमास्तरांनी मात्र जाताना तिला बाजूला घेतलं. सूर धरला खरा, पण आवाज फार थरथरला. पुढच्या वेळेपासून तरुण आवाज घेऊ.

रेकॉर्डिंग बाहेर पडलं त्या दिवशी कात्रीबाईने ते दुकानात लावलं होतं. समोर तिचा स्वतःचा झगा होता, दुसऱ्या कुणाच्या मापाचा करायला आलेला. जिन्यावर पावलं वाजली आणि नणंद खाली येऊन दारात उभी राहिली. गाणं शेवटाला आलं होतं.

"हे कोण गं थरथरतंय?"

"मी," कात्रीबाई म्हणाली. "दम पुरला नाही."

नणंदेने स्टूल ओढलं, शेजारी बसली आणि झग्याची एक बाजू मांडीवर घेतली.

"आण इकडे. ही शिवण मी उसवते."