मामांचं हरीण आणि गाइडची स्थळं

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही काम दुसऱ्याला करू दिलेलं नाही, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती अगदी थोडी आहे. आपल्याला जन्म आईनं दिला एवढं ते मान्य करतात. पण त्यातही बाळाच्या प्रयत्नांचा मोठा वाटा असतो, असं त्यांनी एका बारशाला भर पंगतीत सांगितलं होतं. हे गृहस्थ माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. धंद्यानं भूल देणारे डॉक्टर. चाळीसेक वर्षं मिनेसोटातल्या लोकांना झोपवून आता निवृत्त झालेत आणि तिथल्याच ईडन प्रेरी गावात आमच्या घरापासून दोन वळणं सोडून राहतात. केस स्वतः कापतात, ते मागून बघितलं की कळतं. विमानात बसले की उतरताना पाय दाबून ब्रेक लावतात. डिशवॉशर दुरुस्त करायला घेतला तेव्हा तळघरात घोट्याएवढं पाणी झालं, तर वर येऊन मामींना म्हणाले, "लीक कुठे आहे ते आता नक्की कळलं." आणि नव्या घराच्या सत्यनारायणाला गुरुजींनी वेळेत येणार नाही असा फोन केल्यावर ह्यांनी पूजाही स्वतःच सांगितली. गुरुजीही तेच, यजमानही तेच. "यजमानांनी पाणी सोडावं," असं ह्या पाटावरून म्हणायचं, मग लगबगीनं त्या पाटावर जाऊन पाणी सोडायचं. शेवटी गुरुजींच्या पाया पडायची वेळ आली तेव्हा मात्र थोडा पेच पडला. मग आरशासमोर उभं राहून तेही उरकलं. आपला हात जगन्नाथ, हे त्यांचं आवडतं वाक्य; दिवसातून दोनदा तरी म्हणतातच.

ह्या माणसाला एकच शौक, आणि तो म्हणजे शिकार. मामांच्या घरी, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या माहेरी, झुरळसुद्धा सुपलीत धरून बाहेर सोडायचे. पण इथे हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांनी एका वर्षी ह्यांना उत्तरेच्या जंगलात नेलं आणि तेव्हापासून दर थंडीच्या तोंडावर मामा नारिंगी जॅकेट घालून गायब व्हायला लागले. मिनेसोटातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण त्यांनी पुष्कळदा आणलं. त्याचं मटण मामी गोडा मसाला घालून असं करतात की शाकाहारी शेजारीसुद्धा "नुसता रस्सा चालेल" म्हणत वाटी पुढे करतात. पण मामांचा जीव अडकला होता तो म्यूल डिअरमध्ये. खेचरासारखे लांब कान, रुंद छाती, डोक्यावर झाडासारखी शिंगं. ते आमच्याकडे नाहीच. त्यासाठी पश्चिमेला नॉर्थ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये, मातीच्या उजाड डोंगरांत जावं लागतं. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला त्याचा परवाना लॉटरीनं मिळतो. मामांनी पहिला अर्ज भरला तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. आता माझी मुलगी मिडल स्कूलला जाते आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देते. एवढ्या काळानंतर गेल्या उन्हाळ्यात मामांचा नंबर लागला.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण तोवर मामांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. जिना उतरताना असा आवाज यायचा की कुणी पोह्याचे पापड मोडतंय. बदलायचे म्हणाल तर ऑपरेशन आलं, ऑपरेशन म्हणजे भूल आली, आणि भूल दुसऱ्याच्या हातून घ्यायची म्हणजे मामांच्या जिवावर आलं. "मी आयुष्यभर बघितलंय गं," मला म्हणाले, "लोक माझ्याकडे बघून हसतात आणि झोपून जातात. इतका विश्वास कसा टाकतात, मला कधी कळलं नाही!" मामी हे ऐकून कपाळावर हात मारायच्या. ह्या वर्षी गेलं नाही तर परवाना फुकट जाणार होता. पुन्हा नंबर लागायला पुन्हा तितकीच वर्षं जाणार, आणि तोपर्यंत ह्यांचं वय... मामींनी ते वाक्य कधी पुरं केलं नाही. त्यांनी फक्त दोन अटी घातल्या. एक, गाइड घ्यायचा. दोन, हरीण मिळो न मिळो, परत आल्यावर गुडघे करून घ्यायचे. दुसरी अट मामांनी न ऐकल्यासारखी केली आणि पहिलीवर चर्चा सुरू केली.

ती चर्चा उन्हाळाभर चालली. गाइड घ्यायचा की आपलं आपण जायचं? जगातल्या प्रत्येक विषयावर ठाम मत असणारा हा माणूस ह्या एका प्रश्नावर सकाळ-संध्याकाळ पलटी खायचा. सकाळी फोन: "गाइड बरा. त्यांना डोंगर माहीत, वारा माहीत, मांस वाहून न्यायला त्यांची माणसं असतात." संध्याकाळी फोन: "छे! मग ते हरीण त्याचं झालं. मी नुसता घोडा दाबणारा." मग त्यांनी गाइड लोकांना फोन करायला सुरुवात केली आणि आमच्याकडे मुलीसाठी स्थळं बघतात तसा सगळा थाट झाला. फोन स्पीकरवर, मामी शेजारी कान लावून, आणि मी समोर चहा घेऊन. घराणं कुठलं, वडील काय करायचे, लहानपणी शिकार कुणी शिकवली, व्यसन काही? पलीकडचा बिचारा डकोटाचा माणूस गोंधळून सगळी उत्तरं द्यायचा. एक फारच गोड बोलत होता, म्हणून नापास. एकानं बायकोचा विषय काढल्यावर उसासा सोडला. मामी म्हणाल्या, ह्याचं घरी बरं नाही दिसत, नको. एकजण उत्साहानं म्हणाला की तुम्ही फक्त या, हरीण आम्ही आधीच हेरून ठेवलेलं असतं. मामांनी फोनवर हात ठेवला आणि कडाडले, "मग मी काय तिथे नुसत्या अक्षता टाकायला येऊ?" शेवटचा खरोखर चांगला होता. शांत, मोजकं बोलणारा. मामींना तर जावई म्हणून पसंत पडला असता. पण त्यानं सरळ विचारलं, "सर, तुम्हाला डोंगर चढता येतो ना?" मामांनी फोनच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वारी हसत हसत आमच्या दारात. "गाइड ठरला," म्हणाले. मी म्हटलं, "वा! कोण?" तर माझ्याकडे बोट! मी नाशिकची, कॉलेजात असताना ट्रेकिंग ग्रुपबरोबर थोडे किल्ले चढलेली, आणि बर्फात गाडी बरी चालवते, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली होती. नवरा म्हणाला, "गो ना यार, मला ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आहे," आणि घाईघाईनं मीटिंगमध्ये शिरला. हा खिमा-पाव खाताना शूर असणारा माणूस. रक्त बघितलं की ह्याला सोफा लागतो. मी म्हटलं, "मामा, मला हरणातलं ओ की ठो कळत नाही." मामा म्हणाले, "म्हणूनच तर! मधे बोलणार नाहीस." मामींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मला स्वयंपाकघरात नेऊन माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "त्यांना चढू दे हवं तेवढं. पण परत आण गं बाई."

दिवाळी नुकतीच झालेली, त्यामुळे गाडीत रायफल एक आणि फराळाचे डबे सात. दिवसभर सपाट रस्ता तुडवून गेलो. मोटेलच्या बाईला मामांनी बेसनाचा लाडू दिला आणि तिथलं हीटर का आवाज करतं ते उघडून बघू का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्या भागात शिकारीचा मोसम शुक्रवारी भर दुपारी बाराला उघडतो. मामा पहाटेच तयार होऊन खुर्चीत बसले होते, मौंजीतल्या बटूसारखे. पहिल्या दिवशी आम्ही नुसते फिरलो. झेंडूच्या फुलांसारखी दोन नारिंगी माणसं त्या करड्या डोंगरांत कुणालाही कोसावरून दिसली असती. हरणाला म्हणे तो रंग दिसत नाही. त्याचे कान मात्र भयंकर, आणि नाक त्याहून. मामा चिमूटभर माती उडवून वारा बघायचे, पन्नास पावलं चालायचे, दगडावर बसून गुडघे दाबायचे आणि "व्ह्यू बघतोय" म्हणायचे. मी व्ह्यू बघितल्यासारखं करायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका धारेवर पालथं पडून दुर्बिणीतून खालची घळ बघताना मामांनी माझ्या कोपराला नुसतं बोट लावलं. खाली झुडपांच्या सावलीत तो बसला होता. मला आधी दोन कान दिसले, मग शिंगं. पण अंग सगळं झुडपाआड, त्यामुळे गोळी झाडता येईना. त्यानं उठून उभं राहायला हवं होतं. आम्ही थांबलो. तास झाला. गारठ्यानं माझी बोटं बधिर झाली. मामांना डायबिटीस; त्यांची साखर उतरायला लागली असावी, कारण त्यांचा हात कापायला लागला. मी घाबरून लाडू शोधायला लागले, तर लाडवांचा डबा गाडीत. मामांच्या खिशात होती मामींची चकली. त्यांनी खुणेनं मला सांगितलं, चावणार नाही, नुसती चघळतो. आणि तोंडात धरली. आता मामींची चकली चघळायची म्हणजे काय, जगात कुणाला जमलंय? थोडा वेळ शांतता. आणि मग कडाम!

त्या आख्ख्या बॅडलँड्समध्ये तो आवाज घुमला असं मला तरी वाटलं. खालचे दोन्ही कान गर्रकन आमच्याकडे वळले आणि तो उठला. पूर्ण उभा राहिला, आडवा, छाती उघडी, आणि कुठल्या प्राण्याचा हा आवाज म्हणून वर बघत राहिला. मामांचा हात तेवढ्यापुरता स्थिर झाला. एकच गोळी. तो दोन पावलं गेला आणि बसला. घरी आल्यावर ह्या चकलीवरून मामा-मामींचं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मामा म्हणतात, ते माझं टेक्निक होतं. मामी म्हणतात, मोहन मी जास्त घातलं असतं तर हरीण बसून राहिलं असतं, तेव्हा शिकार माझी.

पण ते सगळं नंतर. त्या वेळी मामा घसरत, बसत, कसेबसे खाली पोचले. टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. मलाही रडू आलं. आनंदाचं की त्या देखण्या जिवासाठी, मला आजही सांगता येणार नाही. मग बाह्या सरसावून त्यांनी सोलण्या-कापण्याचं सगळं काम इतकं नीटस केलं की मी नुसती पिशव्या धरत होते. मांस मी वर नेलं, पाठीवर थोडंथोडं करून, खेपा घालत. किल्ले चढल्याचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. शेवटी मामांना घ्यायला खाली आले. ते दोन काठ्यांवर चढायला लागले. चार पावलं चढायचे, थांबायचे. निम्म्यात बसले. ऊन उतरायला लागलं होतं. मी शेजारी उभी राहिले; हात देऊ का विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "अगं, हात दे."

मी दिला. सगळा चढ त्यांनी तो सोडला नाही. एवढा मोठा माझा मामेसासरा, आणि हाताला इतका हलका लागला की मला पुढचं नीट दिसेना.

जानेवारीत त्यांनी दोन्ही गुडघे करून घेतले. भूल द्यायला आलेली मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिला ते सूचना देऊन भंडावून सोडणार म्हणून आम्ही आधीच माफी मागितली होती. पण त्यांनी फक्त तिचं नाव विचारलं, तिच्याकडे बघून हसले आणि झोपून गेले. मामी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.

आता मामा ताडताड चालतात. वसंतात त्यांनी पुन्हा म्यूल डिअरच्या लॉटरीचा अर्ज भरला. नंबर लागायला किती वर्षं लागतात ते त्यांना माहीत आहे, मामींना माहीत आहे, मला माहीत आहे. बोलत कुणीच नाही. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काय गं, पुढच्या वेळी गाइड घेऊया, की आपलं आपण जाऊया?" मी म्हटलं, "मामा, घाई काय आहे? सावकाश ठरवा."